कच्ची फक्की

फेब्रुवारी संपता संपता मैदानाला भेगा पडल्या. बूट अडकून घोटा मुरगळावा एवढ्या रुंद. भाला रोज सकाळी पोरं यायच्या आधी घमेलं घेऊन निघायचा आणि भेगांमध्ये चाळलेली माती भरत जायचा. उजवा हात कानाच्या वर जात नव्हता, म्हणून घमेलं डाव्या कमरेवर टेकवलेलं. दुपारचा वारा ती माती उचलून न्यायचा. दुसऱ्या सकाळी पुन्हा घमेलं. नेमणुकीच्या कागदावर त्याचा हुद्दा मात्र 'फुटबॉल प्रशिक्षक' असा होता.

भाला हे काही त्याचं खरं नाव नव्हे. याच कॉलेजात शिकताना तो सकाळी भाला फेकायचा आणि दुपारी फुटबॉल खेळायचा. दोन्हींत कॉलेजला ढाली आणून दिल्या. बॉल मैदानाच्या कडेनं बाहेर गेला की तो डोक्यावरून दोन्ही हातांनी आत फेकायचा असतो. इतरांचा जेमतेम दहा-पंधरा पावलं जायचा, याचा थेट गोलच्या तोंडाशी पडायचा. बघणारे 'भाला! भाला!' करून ओरडायचे. शेवटच्या वर्षी दोन्ही फायनल एकाच दिवशी आल्या. तेव्हाचे क्रीडाप्रमुख म्हणाले, "सकाळी फेक, दुपारी खेळ. या वयात दमतोस काय?" त्यानं सकाळी सहा वेळा भाला फेकला. दुपारी बॉल आत फेकताना खांद्यातून ओलं फडकं फाटल्यासारखा आवाज आला. कॉलेज जिंकलं. पोरांनी त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं. त्याचा स्वतःचा खांदा पुन्हा जागेवर बसला नाही. क्रीडाप्रमुख पुढे संस्थेचे संचालक झाले, साहेब झाले. भाला प्रशिक्षक झाला. तात्पुरता.

तात्पुरता म्हणजे चौदा वर्षं. दरवर्षी मार्चच्या शेवटी एक दिवस त्याला कामावरून काढायचे. शिट्टी, स्टोअरची चावी आणि बॉलची जाळी हेडक्लार्कच्या टेबलावर ठेवायची, सही करायची, एक दिवस घरी बसायचं. त्यानंतर परत येऊन तीच शिट्टी उचलायची. हेडक्लार्क ती रुमालानं पुसून द्यायचा. "नवी नेमणूक, मास्तर! अभिनंदन!" आणि सगळं ऑफिस फिदीफिदी हसायचं. नोकरी सलग झाली की माणूस कायम होतो, म्हणून मधे हा एक दिवसाचा खड्डा. चौदा वर्षांत चौदा खड्डे. या खड्ड्यांत घमेल्यानं माती टाकता येत नव्हती.

यंदा मार्च लागल्यावर साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दाखवली नाही, पण आवाज मऊ होता.

"सेमीफायनल आपल्या मैदानावर घेतोय. पाहुणे येतील. जिंक, की यंदा खड्डा नाही. कायमची ऑर्डर. माझा शब्द."

"साहेब, मैदान आखायचं... माळीबाबा..."

"माळ्याला कमी केलं. प्यायला पाणी नाही आणि माळी पोसू का? तू आख. एवढी वर्षं मैदानावर काढलीस, रेघा मारता येत नाहीत?"

रेघा मारता येत होत्या. भोकं पाडलेल्या डब्यात फक्की भरायची, म्हणजे चुन्याची पांढरी भुकटी, आणि दोरीच्या कडेनं डबा हलवत चालायचं. ती फक्की कशी करायची, ते भाल्याला येत नव्हतं. ते माळीबाबांचं काम. स्टोअरच्या मागे त्यांची कुंडी होती. कळीचा चुना तिच्यात भरपूर पाण्यात महिनाभर मुरवायचा, लांब बांबूनं रोज हलवायचा. मग पत्र्यावर पातळ पसरून पंधरा-वीस दिवस उन्हावाऱ्यात परतायचा. खडे निघाले की फेकून द्यायचे. शेवटी चिमूटभर चुना कोपराच्या आतल्या मऊ कातडीवर थुंकीनं चोळून म्हातारा तासभर तसाच बसायचा. चुणचुण झाली नाही तरच डबा भरायचा.

"बाबा, रेघाच मारायच्यात, बारशाला काजळ नाही लावायचं," भाला चेष्टा करायचा.

"पोरं पडतात रे त्यावर," म्हातारा म्हणायचा.

आता कुंडी कोरडी खडखडीत होती आणि बांबू कुणीतरी नेला होता. भाला हेडक्लार्ककडे गेला. "तयार फक्कीची चार पोती मागवा. मॅचला पाच दिवस राहिलेत."

"मंजुरी नाही," हेडक्लार्क म्हणाला. "आणि मास्तर, तुमची बायको चुनाभट्टीवर ना? म्हणजे सासरच चुन्याचं की तुमचं. आमच्याकडे काय मागता?"

ऑफिस हसलं. भालाही हसला. न हसून जातो कुठं?

बायको भट्टीवर दगड फोडायची आणि भाजलेला चुना टोपल्यांनी भरायची. तोंडाला फडकं, पापण्यांवर पांढरं पीठ. हातांची कातडी इतक्या वेळा सोलली होती की बोटांचे ठसे उठत नव्हते. कुठल्याही कचेरीत अंगठा लावायला गेली की यंत्र तिला ओळखायचं नाही. "मी आहे की नाही तेच सरकारला कळत नाही," म्हणून ती हसायची.

तीन दिवस इकडेतिकडे हिंडून भाला शेवटी भट्टीवर गेला, तेव्हा मॅच परवावर आली होती. बाहेर जुन्या चुन्याचा ढीग पडला होता, हवा लागून वरून भुकटी झालेला.

"हा नेतो," तो म्हणाला.

बायकोनं टोपली खाली ठेवली. "अहो, तो नको. वरून मेलाय, आत जिता आहे."

"पीठ झालंय की सगळं."

"वरचं. आत खडे आहेत. मुरवायला लागेल."

"किती?"

"माळीबाबा किती मुरवायचे?"

"मॅच परवा आहे."

"मग रेघांना राख मारा."

"पाहुण्यांसमोर राखेच्या रेघा? लोक काय म्हणतील?"

"पाहुणे रेघा चाटणार आहेत का?" तिनं त्याच्याकडे नीट बघितलं. तोंडावर फडकं असलं तरी डोळ्यांत काय आहे ते दिसत होतं. "माझे हात बघा. चुना कपटी असतो. गरम लागला नाही म्हणजे मेला, असं नसतं. ओल मिळाली की उठतो."

"बघतो मी," तो म्हणाला. हे बघतो म्हणजे काय, हे लग्नाला सोळा वर्षं झालेल्या बाईला कळतं. तिनं टोपली उचलली.

दोन पोती त्यानं सायकलवर लादून आणली. आता पाणी. टँकर आठवड्यातून एकदा यायचा आणि त्याची सोंड थेट ऑफिससमोरच्या हिरवळीत जायची. सगळा परिसर भाजलेल्या पापडासारखा, आणि मधे एवढाच एक हिरवा तुकडा. मॅचला पाहुण्यांच्या खुर्च्या तिथंच मांडायच्या होत्या. भाल्यानं टँकरवाल्याची मिनतवारी केली.

"चार बादल्या. जास्त मागू नका. साहेब गच्चीवरून बघतात."

अर्ध्या कापलेल्या पिंपात चुना टाकून त्यानं चार बादल्या ओतल्या. पिंप फुसफुसलं, उकळलं, वाफ तोंडावर आली. तासाभरानं सगळं गप्प झालं. त्यानं वर हात धरून बघितला. कोमट. झालं म्हणायचं, असं त्याला वाटलं. खरं तर वाटून घेतलं. पत्र्यावर पसरून दुसरा दिवसभर वाळवलं. चाळलं. कडेच्या लांब रेघा झाल्या, मधला गोल झाला, आणि दोन्ही गोलांपुढच्या चौकटी मारताना डबा रिकामा झाला.

चाळणीवर खडे उरले होते. ओंजळी-ओंजळीनं उचलावेत एवढे. माळीबाबा हे फेकायचे, ते भाल्याला आठवलं. ते नीट आठवत असतानाच त्यानं जमीन चोपायची धुमस उचलली. डाव्या हातानं वर नेली आणि खडे कुटले. बारीक पांढरंशुभ्र पीठ निघालं, आधीच्यापेक्षा पांढरं. गोलच्या रेघा त्यानं त्या पिठानं मारल्या. उठून दिसत होत्या. लांब उभा राहून त्यानं स्वतःच त्यांचं कौतुक केलं.

मॅच दुपारी सुरू झाली. ऊन असं की खांबांच्या सावल्याही खांबांना चिकटून बसलेल्या. भाल्याचा सगळा भरवसा भिंगरीवर. शिंप्याचा पोरगा, अंगानं काडी, पण डाव्या कडेनं बॉल घेऊन निघाला की समोरचा स्वतःभोवतीच फिरत राहायचा. म्हणून भिंगरी. साहेबांना त्याला पळण्याच्या शर्यतीतही उतरवायचं होतं. भाल्यानं चौदा वर्षांत पहिल्यांदा त्यांना नाही म्हटलं होतं. "एका पोराला एक खेळ, साहेब. दोन खेळांचं काय होतं ते मी रोज आंघोळ करताना बघतो."

हाफटाइमला शून्य-शून्य. पोरं धापा टाकत बसली. पिण्याचे दोन कॅन होते. पोरं प्यायली, उरलेलं त्यांनी डोक्यावर ओतून घेतलं. गोलकीपर आपली मांडी बघत होता. लाल चट्टा उठला होता.

"सर, आग होतेय. नुसतं खरचटल्यासारखी नाही. वेगळीच."

"माझ्यापण कोपराला," दुसरा म्हणाला.

भाल्यानं चट्टा बघितला. असे चट्टे तो सोळा वर्षं घरात बघत होता, जेवणाच्या ताटाशी, बायकोच्या मनगटांवर. त्याला कळलं. याच्याबद्दल पुढं कुणी काही म्हणो, त्याला त्या क्षणी कळलं. हिरवळीवर साहेब पाहुण्यांना हातवारे करून काहीतरी सांगत होते. पंच घड्याळ बघत होता. मॅच थांबवा म्हणायला दोन शब्द लागले असते.

"दगडासारखं मैदान आहे, घासणारच," तो म्हणाला. "मुलींसारखं रडू नका. उठा."

पोरं उठली.

शेवटची सहा-सात मिनिटं राहिली असताना बॉल समोरच्यांच्या गोलच्या तोंडाशी घरंगळत आला. त्यांचा गोलकीपर एका बाजूला, भिंगरी दुसऱ्या. भिंगरीनं अंग झोकून दिलं. घामानं निथळत, पोटावर घसरत गेला आणि बॉल डोक्यानं रेघेपलीकडे ढकलला.

गोल!

भाल्यानं दोन्ही हात वर केले. उजवा कानापाशी अडकला, कळ मस्तकात गेली, तरी तो ओरडत राहिला. पोरं धावत येऊन भिंगरीवर पडली. एक, दोन, पाच, सात. खालून किंचाळी आली ती सगळ्यांना आनंदाची वाटली. ते त्याचं डोकं धरून कुरवाळत होते, पाठीवर बुक्के मारत होते, आणि त्याचा चेहरा त्या पांढऱ्याशुभ्र रेघेत दाबला जात होता.

ढीग बाजूला झाला तेव्हा तो दोन्ही मुठींनी डोळा चोळत गडाबडा लोळत होता. "जळतंय! सर, जळतंय!"

भाला धावला. खांद्यावरचा टॉवेल काढून त्यानं डोळा पुसला. त्याच टॉवेलनं त्यानं सकाळी डबा पुसला होता. भिंगरी जनावरासारखा ओरडला.

"पाणी! पाणी आणा!"

कॅन रिकामे. स्टोअरच्या नळाला महिनाभर थेंब नव्हता. भाल्यानं पोराला काखेत धरलं आणि हिरवळीकडे पळाला. पाहुणे खुर्च्यांवरून उठले. गवतात पाइप पडला होता, नळाशी जोडलेला. भाल्यानं नळाला हात घातला. नळाची मूठ काढून घेतलेली. कुणी पाणी चोरू नये म्हणून ती हेडक्लार्कच्या खिशात असायची.

"हेडक्लार्क कुठायत? मूठ! नळाची मूठ!"

"चहा सांगायला गेलेत," कुणीतरी म्हणालं.

"काय तमाशा आहे हा?" साहेब दात आवळून म्हणाले. "मागच्या बाजूला घेऊन जा त्याला. पाहुणे बसलेत."

"साहेब, डोळ्यात चुना गेलाय!"

"मग दवाखान्यात न्या. इथं काय?"

भाला गुडघ्यांवर बसला आणि पोराचं तोंड ओल्या गवतात दाबलं. सकाळी पाजलेलं पाणी मुळांशी होतं, वर फक्त ओल. ओल मिळाली की उठतो. त्यानं बोटांनी गवत उपटून, पिळून, डोळ्यावर थेंब पाडायचा प्रयत्न केला. एका पाहुणीनं पर्समधली बाटली पुढं केली. तिच्यात दोन घोट होते. हेडक्लार्क आला तेव्हा हातातला चहाचा ट्रे कुठं ठेवावा ते त्याला सुचेना. ट्रे ठेवला, खिसा चाचपला, मूठ लावली. पाणी आलं, चांगलं जोरात आलं. तोवर डाव्या डोळ्याचं बुबुळ उकडलेल्या अंड्यासारखं झालं होतं.

मॅच एक-शून्यनं जिंकली होती.

चौथ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. यावेळी खुर्ची दाखवली. टेबलावर दोन कागद होते.

"शब्द पाळणारा माणूस आहे मी," साहेब म्हणाले. "हा वाच."

कायमची ऑर्डर. त्याचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, टाइप केलेलं. भाल्यानं नावावरून बोट फिरवलं.

"आणि हा. चौकशी व्हायचीच. शिंपी पोलिसांत गेलाय."

दुसऱ्या कागदावर लिहिलं होतं की चुना नेहमीप्रमाणे माळ्यानं तयार करून स्टोअरमध्ये ठेवला होता. प्रशिक्षकानं तो विश्वासानं वापरला. हलगर्जीपणाबद्दल माळ्याला घटनेनंतर कामावरून कमी करण्यात आलं.

"साहेब, माळीबाबा तर फेब्रुवारीतच..."

"हजेरीत मार्चपर्यंत आहे." साहेबांनी चष्मा पुसला. "हेडक्लार्कनं बघितलंय."

"चुना मी..."

"तू काय? सांग ना. तू सांगितलंस तर पोराचा डोळा येणार आहे? तू आत जाशील, तुझ्या बायकोनं चुना कुठून दिला ते निघेल, तिचंही काम जाईल. म्हाताऱ्याचं काय? तो तसाही गेलेलाच आहे. गेलेल्या माणसाला परत काढलं तर त्याला काय फरक पडतो?"

पंखा फिरत होता. नळाच्या मुठीबद्दल कागदात एक अक्षर नव्हतं. हिरवळीबद्दल नव्हतं. भाल्याला ते दिसलं, आणि हेही दिसलं की आपण चाळणीवरचे खडे कुटले त्याबद्दलही नाही. कागद दोघांनाही सांभाळून घेत होता. तो दोघांच्या मापानं शिवलेला होता.

त्यानं आधी ऑर्डरीवर सही केली. मग दुसऱ्यावर.

बाहेर हेडक्लार्कनं हात पुढं केला. यावेळी कुणी हसलं नाही. भाल्याला ते हसण्यापेक्षा वाईट वाटलं.

घरी बायको ओट्याशी बसून हातांना तेल लावत होती. त्यानं ऑर्डर तिच्यापुढं ठेवली. तिनं तेलाचे हात लांब धरून वाचली.

"झालात कायम."

"झालो."

"माळीबाबांचं नाव सगळीकडे घेतायत. भट्टीवरसुद्धा कळलं. कागदावर कुणी घातलं?"

"आधीच होतं."

"आणि खाली?"

तो वाकून चपला काढत राहिला.

"खाली कुणाचं नाव आहे, विचारतेय."

"माझं."

तिनं ऑर्डर परत त्याच्याकडे सरकवली, कोपऱ्याला तेल लागू नये म्हणून नखानं. रोज ती त्याचा खांदा चोळून द्यायची. दिवसभर चुना उपसलेल्या हातांत उरलेलं बळ तिथं लावायची. त्या संध्याकाळी तो सवयीनं शर्ट काढून तिच्यापुढं पाठ करून बसला. बराच वेळ बसला. मागे वळून बघितलं तर ती झाकण लावून उठून गेली होती.

उन्हाळा सरला. भिंगरी आला तेव्हा मैदानावर नवं खुरटं गवत उगवलं होतं. डोळ्यावर पट्टी नव्हती, काळा चष्मा होता. तो काढून त्यानं खिशात ठेवला. डाव्या खोबणीत दुधी काचेसारखं काहीतरी होतं.

"सर, मला डाव्या बाजूनं टाका."

"दमानं घे. उजवीकडून सुरुवात करू."

"उजवीकडून दिसतंय. डावीकडून टाका."

भाल्यानं डाव्या हातानं बॉल अलगद टाकला. तो पोराच्या कानावर आपटला.

"परत."

परत टाकला. या वेळी भिंगरीनं आवाजाच्या अंदाजानं पाय फिरवला. पाय हवेत गेला आणि तो बसकण मारून पडला. उठला, ढुंगण झटकलं, हसला. "सवय होईल. होईल ना, सर?"

"होईल."

"काल बाबा आणि मी त्या म्हाताऱ्याकडे गेलो होतो. माळ्याकडे." भिंगरी बॉल आणायला गेला, परत आला. "बाबांनी त्याच्या कानाखाली काढली. दोन. म्हातारा खाटेवरून खालीच आला. आणि वर तोंड करून खोटं बोलतो, सर. म्हणे मी तेव्हा कामावर नव्हतोच, मला आधीच काढलं होतं. म्हणे तुमच्या सरांना विचारा."

भाल्यानं बॉल छातीशी धरला. बॉलची शिवण बोटांना लागत होती.

"तोंडातून रक्त येत होतं तरी तेच म्हणत होता. सरांना विचारा, सरांना विचारा. मला रात्रभर झोप नाही लागली." भिंगरी जवळ आला. उजवा डोळा भाल्याच्या तोंडावर लावून उभा राहिला. "खरं सांगा सर. होता का तो कामावर?"

लांब ऑफिसच्या दारात हेडक्लार्क कुणाशी तरी बोलत होता. वाऱ्याला अजून धूळ होती.

"होता," भाला म्हणाला.

भिंगरीनं सुटल्यासारखा श्वास सोडला. "मग बरोबर मारलं बाबांनी," तो म्हणाला, दहा पावलं मागे गेला आणि डावी बाजू भाल्याकडे करून उभा राहिला.

"टाका, सर."